‘बोर्ड गेला’ असे ठरवण्यापूर्वी: मुक्या पट्ट्या, ओरडणाऱ्या पट्ट्या आणि साउंडमधली घरघर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंदेवाहीजवळच्या एका गावातील भाऊंकडे पाच वर्षे वापरलेला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे. तो गावच्या भजनाला आणि मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकांना वाजतो. या हिवाळ्यात सलग काही रात्री उघड्यावर वाजवल्यानंतर सात-आठ पट्ट्या मुक्या झाल्या आणि चार पट्ट्या कितीही हळू दाबल्या तरी एकदम जोरात वाजू लागल्या. मिक्सरला जोडला की घरघर येते, आणि मूळ स्वर पातळ होऊन नुसता इको ऐकू येतो. तालुक्याच्या दुकानात त्यांना ‘बोर्ड गेला, बदलावा लागेल’ असे सांगण्यात आले. बोर्ड बदलावा की नवीनच कीबोर्ड घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

भाऊ, ब्रह्मपुरी आणि वडसा या भागात मी बावीस वर्षे कीबोर्ड, अ‍ॅम्प्लिफायर आणि मिक्सर दुरुस्त करत आलो आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचा हंगाम सुरू झाला की होळीपर्यंत माझ्या टेबलावर नेहमी दोन-तीन कीबोर्ड उघडलेले असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच मालकांना आधी कोणीतरी ‘बोर्ड गेला’ असे सांगितलेले असते. ज्यांनी तुम्हाला हे सांगितले त्यांना मी दोष देत नाही, कारण हंगामात एका कीबोर्डासाठी अर्धा दिवस देणे कोणत्याही कारागिराला जड जाते. मात्र तुम्ही लिहिलेली लक्षणे वाचल्यावर मला हा एक बिघाड वाटत नाही. पट्ट्या, पातळ झालेला स्वर आणि घरघर असे हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांतल्या निदान दोहोंचा मुख्य बोर्डाशी बहुधा काहीच संबंध नाही. म्हणून दुरुस्ती की नवीन, हा निर्णय आज करू नका. आधी दोष कुठे आहे ते शोधू.

सर्वप्रथम मुक्या पट्ट्या आणि ओरडणाऱ्या पट्ट्या यांचा विचार करू, कारण वरवर उलट दिसणारी ही दोन लक्षणे बहुतेक वेळा एकाच दुखण्याची असतात. तुमच्या कीबोर्डात हळू दाबले तर हळू आणि जोरात दाबले तर जोरात स्वर येतो, परंतु पट्टीवर किती जोर पडला हे यंत्र मोजत नाही; ते वेळ मोजते. प्रत्येक पट्टीखाली रबराचा एक लहान फुगा असतो आणि त्याच्या आत कार्बनच्या दोन काळ्या गोळ्या असतात. पट्टी खाली जाताना पहिली गोळी पट्ट्यांखालच्या बोर्डावरच्या (हा मुख्य बोर्ड नव्हे) काळ्या कार्बनपट्टीला आधी टेकते आणि दुसरी थोडी नंतर टेकते. या दोन टेकण्यांमधला काळ कमी असेल तर बोट वेगाने आले, म्हणजे जोरात वाजवले, असा हिशेब यंत्र करते. आता पहिल्या गोळीवर धुळीचा थर बसला, तर ती वेळेवर जोड देत नाही. पट्टी पूर्ण खाली दाबली गेल्यावर, दुसरी टेकते त्याच सुमारास तिचा जोड लागतो. दोहोंमधला काळ जवळजवळ शून्य होतो आणि तुम्ही अलगद बोट ठेवले असले तरी स्वर पूर्ण ताकदीने बाहेर पडतो. दुसऱ्या गोळीचा जोडच लागला नाही, तर मोजणी अपुरी राहते आणि पट्टी मुकी होते. प्रत्येक कंपनीच्या रचनेत थोडा फरक असतो, तरी तत्त्व हेच आहे. म्हणूनच एखाद्या कीबोर्डावर मुक्या आणि ओरडणाऱ्या पट्ट्या विखरून, एकमेकींच्या आसपास दिसल्या, तर माझा पहिला संशय नेहमी मळलेल्या कार्बनवर जातो.

आपल्या भागात हा मळ कुठून येतो, हे तुम्ही स्वतः पाहिले असेल. धान निघालेल्या बांधीत मंच उभा राहतो, माणसांच्या पायांनी माती उडते, पूजेचा गुलाल आणि बुक्का वाद्यांवर पडतो, उदबत्त्या कीबोर्डाला लागूनच जळत असतात. त्यानंतर मध्यरात्र उलटली की दव पडू लागते. कीबोर्डाचे वरचे प्लास्टिक आकाशाखाली उघडे असल्याने ते भोवतीच्या हवेपेक्षाही थंड होते आणि त्यावर पाण्याचे बारीक थेंब धरतात. पट्ट्यांच्या फटींतून हा ओलावा धुळीला घेऊन आत उतरतो. सकाळी ऊन लागले की पाणी उडून जाते, पण मातीचा चिकट थर कार्बनवर राहतो. एका रात्रीत काही बिघडत नाही, परंतु सलग दहा-बारा प्रयोग झाले की पट्ट्या एकेक करून रुसू लागतात. तुमचा दोष सलग रात्रींनंतर आला, हे या अंदाजाशी जुळते. तरीही अंदाजावर कीबोर्ड उघडू नये, म्हणून पुढील तपासणी आधी करावी.

पहिल्यांदा सेटिंग तपासा. ताल आणि कॉर्डची साथ चालू असेल, तर डाव्या हाताच्या काही पट्ट्या स्वतंत्र स्वर न देता फक्त कॉर्ड ओळखण्याचे काम करतात, आणि ज्याला हे माहीत नाही त्याला त्या बिघडल्यासारख्या वाटतात. साथ बंद करा, स्प्लिट (डाव्या-उजव्या हाताला वेगळे आवाज देणारी सोय) बंद करा, आणि पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने सर्व सेटिंग मुळावर आणा. माझ्याकडे दूरवरून बसने आणलेला एक कीबोर्ड एवढ्यानेच बरा झाला होता, आणि त्या मंडळाची दिवसाची मजुरी वाया गेली याचे मला वाईट वाटले होते.

त्यानंतर एका कागदावर डावीकडून उजवीकडे १ ते ६१ आकडे लिहा. प्रत्येक पट्टी तीनदा दाबा, एकदा अलगद, एकदा नेहमीसारखी आणि एकदा जोरात, आणि समोर काय झाले ते टिपा. मग टच, म्हणजे दाबण्याप्रमाणे आवाज कमी-जास्त करणारे सेटिंग, बंद करून हीच फेरी पुन्हा करा. टच बंद असताना यंत्र वेळेकडे पाहत नाही, सर्व स्वर सारख्याच आवाजात देते; त्यामुळे ओरडणाऱ्या पट्ट्या या फेरीत शहाण्यासारख्या वाजल्या, तर त्यांचा दोष कार्बनच्या जोडात आहे असे बरेचसे खात्रीने म्हणता येते. ही यादी या संपूर्ण उत्तरातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. ती करायला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात बोर्ड बदलण्याचा खर्च वाचू शकतो.

यादीत पाहायचे ते मुक्या पट्ट्यांमधले अंतर. बोर्डावर प्रत्येक पट्टीला स्वतंत्र तार नसते. सर्व पट्ट्या आडव्या आणि उभ्या ओळींच्या एका जाळीत जोडलेल्या असतात, आणि यंत्र एकेका ओळीला पाळीपाळीने विचारत जाते. म्हणून मुक्या पट्ट्या ठरावीक अंतराने येत असतील, उदाहरणार्थ प्रत्येक सहावी किंवा प्रत्येक आठवी, किंवा लगतच्या सहा-आठ पट्ट्यांचा सलग गट गेला असेल, तर तो मळ नसून जाळीतली एक ओळ तुटली आहे असे समजावे. कारण कधी सैल झालेली रिबन केबल असते, कधी ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सोल्डरचा जोड), कधी एखादा डायोड, तर कधी ओलाव्याने गंजून तुटलेली बोर्डावरची रेघ. हेही बोर्ड बदलण्याचे काम नाही, परंतु ते मल्टिमीटर वापरता येणाऱ्या माणसाने करावे. अंतर अनियमित असेल, जसे की ७, १९, २२, ३६, ३७, ५१, तर ते साफसफाईचे काम आहे.

तुमच्या कीबोर्डाला मागे चौकोनी यूएसबी पोर्ट असेल, तर आणखी एक खात्रीची तपासणी घरीच होते. ओटीजी केबलने तो मोबाइलला जोडा आणि मिडीचे (कीबोर्ड बाहेर पाठवतो त्या स्वरांच्या संदेशांचे) आकडे दाखवणारे कोणतेही मोफत अ‍ॅप उघडा. पट्टी दाबली की अ‍ॅपमध्ये स्वराचा क्रमांक आणि जोराचा आकडा दिसतो. हा जोर १ ते १२७ या मापात असतो. चांगली पट्टी अलगद दाबल्यावर लहान आकडा दाखवते, तर मळलेली पट्टी कशीही दाबली तरी १२७ किंवा त्याच्या जवळचा आकडा दाखवते. मुक्या पट्टीचा आकडाच उमटला नाही, तर दोष पट्टीकडे आहे. आकडा उमटतो पण आवाज येत नाही, असे झाले तरच मुख्य बोर्डाबद्दल बोलायला आधार मिळतो.

आता उघडून साफ करण्याबद्दल. हे काम तुम्ही स्वतः करावे की नाही, हे तुमच्या हातावर आणि मॉडेलवर अवलंबून आहे. काही मॉडेलांत पट्ट्यांचा पूर्ण संच काढल्याशिवाय कार्बन दिसत नाही, काहींत ते सोपे असते. अडॅप्टर आणि सेल काढून ठेवा, कीबोर्ड गादीवर उलटा ठेवा, आणि प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो घ्या. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू चुकीच्या जागी आवळला तर वरचे प्लास्टिक फुटते, म्हणून पुठ्ठ्यावर कीबोर्डाची आकृती काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवावा. रिबन केबल ओढू नये. तिच्या कनेक्टरला कुलूप असेल तर ते आधी उघडावे.

कार्बन पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ते आयपीए म्हणून मिळते. ९९ टक्के असेल ते घ्यावे. धागे न सोडणारे सुती कापड त्यात किंचित ओले करून बोर्डावरच्या काळ्या रेघा हलक्या हाताने एकाच दिशेने पुसा. रबराच्या गोळ्याही तशाच पुसा, आणि सर्व काही पूर्ण वाळल्यावरच बसवा. थिनर, पेट्रोल, रॉकेल, गंज काढण्याचा स्प्रे यांपैकी काहीही वापरू नका. सुरुवातीच्या वर्षांत मी एका भजनमंडळाचा कीबोर्ड थिनरने पुसला होता. कापडावर काळे आले तेव्हा मला मळ निघतो आहे असे वाटले. प्रत्यक्षात बोर्डावरचा कार्बनच निघत होता. त्या मंडळाला मी दुसरा कार्बन बोर्ड माझ्या पैशाने मिळवून दिला, आणि त्या दिवसापासून माझ्या टेबलावर थिनरची बाटली नाही. याच कारणाने पॉलिश पेपर आणि खोडरबरही दूर ठेवावे. काही जण गोळीवर पेन्सिल घासतात. पट्टी काही दिवस चालते, पण ती भुकटी खाली पडून शेजारच्या रेघांना जोडते आणि नवा दोष उभा राहतो, म्हणून मी तो उपाय करत नाही. गोळीच झिजली असेल तर त्या मॉडेलची रबर पट्टी बदलणे हाच योग्य मार्ग आहे. मल्टिमीटरच्या दोन टोकांनी गोळी मोजली असता काही शे ओहमांच्या आत रोध आला तर ती बहुधा चांगली असते. हजारोंत गेला तर बदलावी.

रबर पुन्हा बसवताना त्याची दिशा फोटोवरून ताडून पाहा, कारण दोन गोळ्यांची उंची किंवा जागा वेगळी असते आणि उलट बसल्यास टच पूर्ण बिघडतो. रबराच्या खालच्या अंगाला हवा जाण्यासाठी बारीक वाटा असतात; त्यांत कचरा किंवा ओल राहिली तर पट्टी दाबल्यावर हळूहळू वर येते. रबराचे खुंट बोर्डाच्या छिद्रांत बोथट काडीने ढकलावेत, टोकदार वस्तूने रबर फाटते. सर्व मिळून पहिल्या वेळी तुमचे तीन-चार तास जातील. घाई असेल, त्याच संध्याकाळी कार्यक्रम असेल, तर कीबोर्ड उघडू नका.

आतापर्यंतचे पाहता, तुमच्या यादीत अंतर अनियमित असेल आणि टच बंद केल्यावर ओरडणाऱ्या पट्ट्या शांत होत असतील, तर साफसफाई करावी. नियमित अंतर असेल तर जाळीची ओळ शोधणाऱ्या कारागिराकडे यादीसह जावे. आता आवाजाकडे वळू.

मूळ स्वर पातळ होऊन नुसता इको ऐकू येतो, हे तुमचे वाक्य वाचताच मला केबल आठवली. बहुतेक लहान कीबोर्डांना वेगळे आउटपुट नसते, हेडफोनचे छिद्रच साउंडसाठी वापरावे लागते, आणि त्यात डावा आणि उजवा असे दोन आवाज असतात. अशा छिद्रातून स्टिरिओ पिनची सरळ केबल मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये घातली, तर मिक्सर त्या दोन आवाजांची वजाबाकी करतो. दोन्हीकडे सारखा असलेला मूळ स्वर वजा होऊन जातो आणि दोन्हीकडे वेगळा असलेला इको तेवढा उरतो. बिछायतवाले (मंडप-साउंड भाड्याने देणारे) मग आवाज वाढवत नेतात आणि त्याबरोबर घरघरही वाढते. काही जण उलट मोनो पिन खुपसतात. त्याने हेडफोनची एक बाजू जमिनीशी शॉर्ट होते आणि आतल्या आयसीवर विनाकारण भार येतो. योग्य उपाय म्हणजे एका टोकाला स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना असलेली केबल घेऊन ती मिक्सरच्या दोन चॅनेलांत लावणे. कीबोर्डाचा आवाज साधारण दोन तृतीयांशावर ठेवून उरलेली वाढ मिक्सरवर करावी.

ही केबल लावूनही घरघर राहिली, तर अडॅप्टर काढून सेलवर वाजवून पाहा. सेलवर आवाज स्वच्छ असेल तर घरघर अडॅप्टरमधून किंवा विजेच्या वायरिंगमधून येते, कीबोर्डातून नव्हे. सेलवरही राहिली तर मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर किंवा लांब केबलच्या आतले तारांचे जाळीदार आवरण तपासावे. विजेच्या आणि आवाजाच्या केबली एकाच दोरीने बांधून मंचापर्यंत नेण्याची आपल्याकडे सवय आहे. त्या हातभर अंतरावर ठेवल्या आणि जिथे ओलांडाव्या लागतील तिथे काटकोनात ओलांडल्या तरी बराच फरक पडतो. मिक्सर आणि कीबोर्ड यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स (दोन्हींची विजेची जोडणी वेगळी ठेवून फक्त आवाज पुढे नेणारी पेटी) लावणे हा त्याहून पक्का उपाय आहे. परंतु घरघर थांबवण्यासाठी अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन कोणी तोडत असेल, तर त्याला थांबवा. ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असलेला गायक माइकला ओठ लावतो तेव्हा त्याच्या आणि गळत्या विजेच्या मध्ये तेवढी एकच तार असते. थोडी घरघर चालेल, पण माइकला झटका बसता कामा नये.

अडॅप्टरबद्दल तुम्ही काही लिहिले नाही, तरी मी विचारतो, कारण मुख्य बोर्ड खरोखर जळतो तो बहुतेक याच मार्गाने. वायफाय राउटरचा किंवा सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा अडॅप्टर अनेक कीबोर्डांच्या छिद्रात व्यवस्थित बसतो, आणि हरवलेल्या अडॅप्टरच्या जागी तो सहज लावला जातो. यामाहाच्या बऱ्याच मॉडेलांना १२ व्होल्ट लागतात, कॅसिओच्या अलीकडच्या अनेक मॉडेलांना ९.५ व्होल्ट, आणि कॅसिओच्या जुन्या अनेक मॉडेलांत ९ व्होल्ट असून पिनच्या मध्यभागी ऋण असते, म्हणजे राउटरच्या अगदी उलट. छिद्राशेजारी, पिनच्या मध्यभागी धन की ऋण हे दाखवणारे वर्तुळाचे लहान चिन्ह छापलेले असते. ते, व्होल्ट आणि अँपिअर हे तिन्ही अडॅप्टरवरच्या चिन्हाशी जुळवावेत. व्होल्ट आणि चिन्ह तंतोतंत जुळले पाहिजे; अँपिअर मात्र अडॅप्टरवर अधिक असले तरी चालते. वायर हलवली की कीबोर्ड बंद-चालू होत असेल, तर आतल्या छिद्राचा सोल्डर सुटलेला असतो, आणि ते पाच मिनिटांचे काम आहे.

जनरेटरवर कार्यक्रम असेल तेव्हा तो सुरू होऊन स्थिर झाल्यावरच अडॅप्टर लावावा आणि तो बंद करण्यापूर्वी काढावा. मोठे हॅलोजन एकदम बंद झाले की व्होल्टेज उसळते. डीपीवरून (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून) तात्पुरती जोडणी घेतली असेल, तर न्यूट्रल पक्का आहे याची खात्री जाणत्या वायरमनकडून करून घ्यावी, कारण न्यूट्रल सुटला की २३० व्होल्टच्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपासही वीज येऊ शकते. माझ्याकडे एका रात्रीतून एकाच मंचावरचे कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि मिक्सर तिन्ही आले होते, ते याच कारणाने. सेल घालून वाजवण्याची सोय तुमच्या कीबोर्डात असेल, तर अशा ठिकाणी तीच वापरावी.

आता तुमचा मूळ प्रश्न. पट्ट्यांचा दोष आणि केबलचा दोष निघाला, तर पाच वर्षांच्या कीबोर्डाला नवीन पर्याय शोधण्याचे मला काही कारण दिसत नाही. असे कीबोर्ड साफ करून दिल्यावर पुढे अनेक हंगाम वाजलेले मी पाहिले आहेत. रबर पट्ट्या बदलाव्या लागल्या आणि त्या मिळत असल्या, तरीही दुरुस्तीच करावी. मुख्य बोर्डावरची आवाज तयार करणारी आयसी गेली असेल, तर ती सुटी मिळत नाही. तेव्हा त्याच मॉडेलचा बंद पडलेला दुसरा कीबोर्ड शोधून त्याचा बोर्ड घालणे किंवा नवीन घेणे, एवढेच दोन मार्ग उरतात. दुरुस्तीचा खर्च त्याच मॉडेलच्या चांगल्या वापरलेल्या कीबोर्डाच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की मी स्वतः गिऱ्हाइकाला थांबायला सांगतो.

दुरुस्तीनंतर काळजी थोडीच घ्यावी लागते. दोन प्रवेशांच्या मध्ये कीबोर्डावर जाड सुती कापड टाका. प्लास्टिक टाकू नका, त्याच्या खाली ओल कोंडते. पहाटे प्रयोग संपल्यावर तो ओला असतानाच पेटीत बंद न करता पुसून, घरात तासभर उघडा ठेवून मग भरावा, आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. उदबत्ती हातभर दूर लावावी. उन्हाळ्यात टिनाच्या खोलीत माळ्यावर ठेवू नका; आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असते तेव्हा टिनाखाली त्याहून बरेच अधिक असते, कीबोर्डाचा डिस्प्ले काळा पडतो आणि पट्ट्या वाकतात. पावसाळ्यात महिन्यातून दोनदा तरी अर्धा तास वाजवावा. मुंग्या आणि झुरळे न वाजणाऱ्या कीबोर्डातच घर करतात.

तुम्ही यादी तयार केली की मुक्या आणि ओरडणाऱ्या पट्ट्यांचे क्रमांक, टच बंद केल्यावर त्यांत झालेला फरक, कीबोर्डाचे मॉडेल, आणि अडॅप्टरवर व कीबोर्डाच्या छिद्राजवळ छापलेल्या चिन्हांचे फोटो, एवढे मला कळवा. त्यावरून कीबोर्ड घरी उघडायचा की माझ्याकडे किंवा जवळच्या कारागिराकडे न्यायचा, हे मी तुम्हाला नेमके सांगू शकेन. तोपर्यंत बोर्डासाठी कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नका.